कार्डावर उरलेली जागा

त्या मुलीने माझं वाक्य वहीत लिहून घेतलं. झालं ते एवढंच. बाकीच्या बायका हसल्या, दोघी-तिघींनी टाळ्या वाजवल्या, आणि पुढच्या सतरंजीवर मांडी घालून बसलेली ही मुलगी, लग्नाला अजून वर्षही झालं नसेल अशी, मान खाली घालून लिहीत राहिली. लिहून झाल्यावर तिने वाक्याखाली रेघ ओढली. साधं बॉलपेन होतं, तरी त्या रेघेचा आवाज मला ऐकू आला असं वाटलं. माझ्या हातात पाण्याचा पेला होता. तो मी खाली ठेवला, पुन्हा उचलला. कोणीतरी विचारलं, ‘अक्का, गरम होतंय का? पंखा इकडे वळवू?’ मी म्हटलं, ‘वळव.’ पंखा वळला आणि तिच्या वहीचं पान फडफडायला लागलं. तिने त्यावर तळहात ठेवला. हातभर हिरव्या बांगड्या होत्या.

धुळ्याला देवपुरातल्या आमच्या कॉलनीत मारुतीच्या देवळाला लागून पत्र्याचा मंडप आहे. तिथे महिन्यातून एकदा बचत गटाची बैठक होते. गॅस, तेल, डाळ, मुलांची फी, सगळ्यांचं एकच रडगाणं, म्हणून गटाच्या अध्यक्षीणबाईंनी, बेबाबाईंनी, ठरवलं की आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधीच्या बैठकीत मी बोलायचं. ‘महागाईत घर कसं चालवावं’ असं त्यांनी फळ्यावर खडूने लिहून ठेवलं होतं. मला बोलायची भीती वाटत नाही. सत्त्याहत्तर वर्षांत मी दुसरं काही केलेलंच नाही. मी सांगितलं की चैत्र-वैशाखात आंघोळीच्या पाण्याला गॅस लावणं हे पाप आहे. बूड काळं झालेला हंडा गच्चीवर ठेवा, दहा वाजेपर्यंत पाण्यात हात घालवणार नाही. डाळ रात्रीच भिजवा. भात एक उकळी आली की उतरवा आणि गोधडीत गुंडाळून ठेवा, तो आपला आपण शिजतो. तेल पिशवीतून ओतू नका, पळीने घ्या, आणि पळी लहान विकत घ्या, कारण हात पळीएवढाच चालतो. आठवड्यातून तीनदा कळण्याची भाकरी करा, ज्वारीत उडीद दळलेले असले की दोन घास कमी लागतात. टरबुजाच्या सालाखालचा पांढरा भाग फेकू नका, त्याची भाजी होते. वर्षाचा गहू आत्ताच घ्या, ऊन दाखवा आणि निंबाचा पाला घालून कोठीत भरा. बायका ‘हो हो’ करत होत्या. बेबाबाई म्हणाल्या, ‘अक्का, तुमच्या घरचा उंदीर रोज आमच्याकडे जेवायला येतो, तो का ते आज कळलं!’ मीही हसले. मला आवडतं असं कोणी म्हटलेलं. लोक कोणाला गाणारी म्हणतात, कोणाला देखणी म्हणतात. मला चिवट म्हणतात, आणि ते मी दागिन्यासारखं वागवलंय.

मग बेबाबाईंनीच विचारलं, ‘बरं अक्का, सगळ्या जन्मात सर्वात मोठी बचत कोणती केली, ते सांगा. सोनं-बिनं घेऊन ठेवलंय का कुठे?’ आणि माझी जीभ, मी काही ठरवायच्या आत, बोलून गेली, ‘एका आखाजीला नणंदेला मूळ पाठवलं नाही. एक कार्ड टाकलं नुसतं.’ हशा झाला. बेबाबाई म्हणाल्या, ‘मी असते ना तुमची नणंद, तर कार्ड फाडून तुमच्या दाराशी येऊन बसले असते!’ पुन्हा हशा. आणि ही मुलगी लिहीत होती.

सून समीक्षाने घरी येताना सांगितलं की तिचं नाव सपना, मागच्या गल्लीतली, नवरा मोबाइलच्या दुकानात आहे. ‘फार हुशार आहे,’ समीक्षा म्हणाली, ‘सगळं टिपून घेत होती.’ चपलेत खडा गेला होता, तो काढायला थांबले, पण चपलेत खडा नव्हता.

आमच्याकडे आखाजीला लेक माहेरी येते, ती आपली आपण येत नाही. माहेरचं माणूस तिला घ्यायला जातं, भाऊ जातो, नाहीतर चुलतभाऊ, नाहीतर भाचा. तेच मूळ. मूळ आलं की सासरचे नाही म्हणू शकत नाहीत. मूळ आलं नाही तर लेक निघू शकत नाही, मग ती दोन कोसांवर असो की दोनशे. घरी आलेल्या लेकी निंबाच्या झाडाला झोके बांधतात, गौराईची गाणी म्हणतात, आमरसात पुरणपोळी बुडवून खातात, आणि चार दिवस कोणाची सून नसतात. वर्षाचे तेवढेच चार दिवस. हे मला कोणी सांगायला नको होतं. माझं माहेर शिरपूरकडचं, माझा भाऊ दर वर्षी यायचा, खांद्यावर पंचा, हातात डांगर, म्हणजे खरबूज. तो गल्लीच्या तोंडाशी दिसला की मला जे वाटायचं, ते मला माहीत होतं. माहीत असून मी ते केलं.

चौऱ्याहत्तर साल. दुष्काळ होऊन गेला होता, पण भाव खाली आलेच नाहीत, उलट चढत गेले. रॉकेलच्या रांगेत मी दोन-दोन तास उभी राहिले आहे, पुढच्या बाईच्या पाठीवरचा घाम बघत. डालडा दुकानात दिसायचा नाही आणि दिसला की हाताला लागायचा नाही. आम्ही जुन्या धुळ्यात गल्ली नंबर पाचमध्ये दोन खोल्यांत राहायचो. हे जिल्हा परिषदेत कारकून. आमचा किरण चार वर्षांचा. आणि यांची आई, माझ्या सासूबाई, झुंबरबाई. त्यांना सगळी गल्ली ‘माय’ म्हणायची. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. मला येत होतं, सातवी झाले होते, अक्षर चांगलं होतं, गल्लीतल्या बायकांची पत्रं मीच लिहायची. घर माझ्या हातात आलं होतं, आणि महिन्याच्या वीस तारखेलाच डबे वाजायला लागले होते. नणंद भिकुबाई एरंडोलला दिलेली. मूळ जायचं म्हणजे एकाचं जाणं, दोघांचं येणं, परत पोचवणं, तिला लुगडं, तिच्या पोराला अंगडं, सासूसाठी काही, चार दिवसांचं गोडधोड. मी पुन्हा पुन्हा हिशेब केला. प्रत्येक वेळी भिकुबाईपाशीच येऊन थांबले. बाकी सगळीकडून काढून झालं होतं. अर्धी वाटी डाळ मी आधीच कमी केली होती.

एक दुपार. सासूबाई गौराईपाशी वाती वळत बसल्या होत्या, त्यांची पाठ माझ्याकडे होती. मी कार्ड घेतलं, जमिनीवर पाट ठेवून लिहिलं. माझ्या नावाने लिहिलं असतं तर भिकुबाईने मला दोन शिव्या घातल्या असत्या आणि कोणाला तरी धरून ती आली असती. यांच्या नावाने लिहिलं असतं तर यांना वाचून दाखवावं लागलं असतं. म्हणून मी ते सासूबाईंच्या नावाने लिहिलं. ‘चिरंजीव भिकूस आईचा आशीर्वाद. महागाई फार आहे. यंदा आखाजीला येऊ नये. मूळ पाठवणार नाही. पुढच्या वर्षी बघू.’ बस. अडीच ओळीच झाल्या. आणि कार्डावर खाली जागा उरली.

ती जागा मला आजही दिसते. पिवळी, कोरी, चार बोटं. मला ती तशी पाठववेना. पैसे पूर्ण कार्डाचे भरलेले, आणि अर्धं कार्ड रिकामं जाणार. मी विचार केला की आणखी काय लिहावं, आणि लिहिलं: ‘गहू भरताना निंबाचा पाला सावलीत वाळवून घालावा, म्हणजे कीड लागत नाही.’ जागा बरोबर भरली. शेवटचं अक्षर कडेला टेकलं. मला समाधान वाटलं. मी खोटं सांगत नाही, त्या क्षणी मला फक्त समाधान वाटलं होतं.

यांनी कचेरीत जाताना कार्ड खिशात घातलं, न वाचता विचारलं, ‘आईला विचारलंस ना?’ मी ‘हो’ म्हटलं. आणि आईला काय सांगितलं? सासूबाई रोज सकाळी राख घेऊन दात घासता घासता विचारायच्या, ‘एरंडोलले कोन जाई ऱ्हायनं?’ तीन दिवस मी ‘बघू, बघू’ केलं. चौथ्या दिवशी म्हटलं, ‘ताईंचंच कार्ड आलंय. घरात काम आहे, यंदा जमत नाही म्हणतात.’ त्या म्हणाल्या, ‘दखाड.’ मी फडताळातून माझ्या भावाचं एक जुनं कार्ड काढून त्यांच्या हातात दिलं. बैल विकल्याचं होतं ते. त्यांनी ते उलटंसुलटं पाहिलं, अक्षरांवरून अंगठा फिरवला, डोळ्यांजवळ नेलं, मग दूर नेलं. ‘अक्षर कोनं शे?’ त्यांनी विचारलं. मी म्हटलं, ‘जावयांचं.’ त्यांनी कार्ड पदरात बांधलं.

आखाजी झाली. घागर भरली, पितरांना घास ठेवला. सासूबाईंनी सांजोऱ्या केल्या आणि त्यातल्या काही एका डब्यात बाजूला भरून वरच्या फळीवर ठेवल्या. किरणने मागितल्या तर म्हणाल्या, ‘त्या भिकूना शेत.’ ‘ताई येणार नाहीत ना आई,’ मी म्हटलं. ‘कोनी तरी जाईच ना तिकडे,’ त्या म्हणाल्या. कोणी गेलं नाही. महिन्याने मी डबा उतरवला तर वास आला होता. वरच्या तेवढ्या टाकून खालच्या मी उन्हात ठेवल्या, आणि त्या आम्ही खाल्ल्या. फेकणं मला जमलंच नाही कधी.

भाद्रपदात सासूबाई गेल्या. दोन दिवसांचा ताप. भिकुबाई आली, तिला आणायला त्या वेळी माणूस गेलं, निरोपाचं. ती दारातून आत आली, आईच्या पायाशी बसली, आणि तिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. तेरा दिवस ती तशीच होती, कोरडी, कामं करत होती, भांडी घासत होती. गल्लीतल्या बायका एकमेकींकडे बघायच्या. आणि मी, ज्या बाईने हे सगळं केलं ती मी, विहिरीवर म्हणाले, ‘काळीज घट्ट आहे हो आमच्या ताईंचं.’ हे वाक्य माझ्या पोटात त्या सांजोऱ्यांपेक्षा खोल जाऊन बसलंय. सासूबाईंची वळकटी आवरताना ते कार्ड मिळालं, बैल विकल्याचं, मधोमध घडी पडलेलं, कडा काळ्या झालेल्या. मी ते चुलीत घातलं.

त्यानंतर भिकुबाई आखाजीला येत गेली, मूळ जात गेलं, पण ती सकाळी यायची आणि संध्याकाळच्या गाडीने परत. ‘घर मोकळं पडेल शे,’ म्हणायची. राहायची नाही. झोक्यावर बसायची नाही. एका वर्षाची माझी बचत मला अशी पन्नास वर्षं पुरली. मी ते कधी मोजलं नाही. हे गेले, त्यालाही आठ वर्षं झाली. त्यांनाही सांगितलं नाही. मूळही मग बंद पडलं. आखाजीला फोन होतो, ‘बरी शे का?’ ‘बरी आहे, तुम्ही?’ आणि संपतं. आणि इतक्या वर्षांनी पत्र्याच्या मंडपात ते असं विनोदासारखं बाहेर पडलं, अर्धं. सगळं सांगितलं असतं तर कोणी हसलं नसतं. मी हसण्यापुरतं सांगितलं. तेही बेताने.

दोन दिवस मी त्या वहीतल्या पानाचा विचार करत होते. तिसऱ्या दिवशी समीक्षाला म्हटलं, ‘त्या सपनाला फोन लाव.’ तिने लावून स्पीकरवर ठेवला आणि कणीक मळायला लागली. मी म्हटलं, ‘सपना, परवा मी ते नणंदेचं बोलले ना, ते लिहिलंस ते खोडून टाक.’ तिकडून हसू आलं. ‘अय्या अक्का, खोडू कशाला? मी तर करूनही टाकलं! आमच्या ताई सुरतला असतात ना. त्यांना आणायला यांनी जायचं म्हणजे एक दिवसाचं दुकान बंद, चौघांचं भाडं, मुलांचे कपडे, ताईंना साडी. या महिन्यात आमचा हप्ता पण आहे. तुमचं ऐकलं आणि त्याच रात्री मेसेज टाकला, यंदा राहू द्या म्हणून.’ मी विचारलं, ‘कोणाच्या नावाने?’ ‘नावाने म्हणजे? सासूबाईंच्या मोबाइलवरून टाकला. माझ्या मोबाइलवरून टाकला असता तर ताईंनी मलाच धरलं असतं.’ ‘सासूबाईंना माहीत आहे?’ ‘त्यांना कुठे मेसेज वाचता येतात, अक्का. सांगू ना सावकाश, ताईंनाच जमत नाही म्हणून.’

समीक्षाचे कणकेतले हात थांबले नव्हते. तिला त्यात काही विशेष वाटलं नव्हतं. मी या मुलीला कार्डाचं एवढंच सांगितलं होतं. कोणाच्या नावाने, आणि आईला काय सांगायचं, हे मी शिकवलं नव्हतं. ते तिचं तिला सुचलं. म्हणजे मी जगातून वेगळी, एकटीच वाईट, असंही नव्हतं. ज्याला काटकसर करायची त्याचा हात आपोआप तिथे जातो, जिथून आवाज येणार नाही तिथे. ‘त्यांना आजच खरं सांग,’ मी म्हटलं. ‘अहो पण तुम्हीच तर...’ ‘मी तुला अर्धंच सांगितलं.’ ‘मग राहिलेलं अर्धं काय?’ समीक्षाने मान वर केली. मी म्हटलं, ‘एरंडोलहून आल्यावर सांगते,’ आणि तेव्हा मला कळलं की मी एरंडोलला जाणार आहे.

किरणने संध्याकाळी कपाळाला हात लावला. ‘आई, बेचाळीस डिग्री आहे. आत्याला फोन करून टाक ना. त्यांचा मुलगा गाडीने आणून सोडेल.’ ‘मूळ फोनने जात नाही,’ मी म्हटलं. ‘आणि बाई कधी मूळ म्हणून गेलीय का?’ त्याने विचारलं. नव्हती गेली. ‘तुला खर्च नको असतो ना,’ तो हसून म्हणाला, ‘मग हा कसला खर्च काढलास?’ खर्च नव्हताच. पंचाहत्तरी झाली की एसटीत पैसे पडत नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी कंडक्टरने माझं आधार कार्ड पाहिलं आणि मशीनमधून तिकीट फाडून दिलं. त्यावर शून्य रुपये असं छापलेलं होतं. पारोळा येईपर्यंत मी ते तिकीट बघत होते. ज्या रस्त्याचे पैसे मी वाचवले, तो रस्ता आता मला फुकट होता. खिडकीतून झळा येत होत्या, कापसाच्या पऱ्हाट्या निघून गेलेली काळी रानं पडून होती, आणि मांडीवरच्या पिशवीत सांजोऱ्यांचा डबा होता. साजूक तुपातल्या केल्या होत्या. तूप घालताना पळी नको, चमचा घे, असं माझ्या मनात आलंच. मी सगळी वाटी पालथी केली.

भिकुबाईचं घर एरंडोलच्या जुन्या भागात. ओट्यावर निंबाची सावली. अंगणात चादरी पसरून गहू घातलेला होता आणि ती मधोमध मांडी घालून बसली होती, त्र्याहत्तर वर्षांची, वाळून खारीक झालेली, हाताने गहू सारखा करत. शेजारी टोपलीत वाळलेला पाला. मला बघून ती उठली नाही. डोळ्यांवर हात धरला. ‘कोन शे? वहिनी? एकलीच उनी?’ ‘एकटीच.’ ‘कोनी मरनं का?’ ‘नाही हो ताई.’ ‘मंग कसाले उनी उन्हातान्हात? बस, बस सावलीम्हा.’ तिने सुनेला हाक मारून पाणी आणायला सांगितलं. सून पाणी घेऊन आली, माझ्या पाया पडली, आणि तक्रार केल्यासारखी म्हणाली, ‘बघा ना, आत्ता गोळ्या मिळतात गव्हात ठेवायला, पण आत्याबाई ऐकत नाहीत. दर वर्षी हा पाला सावलीत वाळवायचा, निवडायचा, थर देऊन भरायचा. कोणाला हात लावू देत नाहीत.’ भिकुबाई म्हणाली, ‘तुले काय करनं शे? मना मायना शेवटना बोल शे तो. तिनी लिखी धाडेल व्हतं माले.’ मग माझ्याकडे वळून, अगदी साध्या आवाजात, ‘तुले ध्यान नही ऱ्हावाव, वहिनी. ये नको म्हनी व्हती माय, पन खाले गहूनं लिखं व्हतं. मी म्हनू, येवाले नही म्हनी ते नही म्हनी, पन मना गहूंनी काळजी व्हती तिले.’

सगळ्या रस्त्यात मी ठरवत आले होते की सांगेन, ते पत्र आईचं नव्हतं, आईने तुझी वाट पाहिली, आणि तिला ते मिळेल, उशिरा का होईना. मी तिला काहीतरी द्यायला निघाले आहे असं मी स्वतःला समजावलं होतं. आता दिसलं की देण्याआधी मला तिच्याकडून काढून घ्यावं लागणार आहे. पन्नास वर्षं ती त्या चार बोटं जागेवर जगली होती, जी मी वाया जाऊ नये म्हणून भरली. क्षणभर मला वाटलं, गप्प बसावं. सांजोऱ्या द्याव्यात, आखाजीला चला म्हणावं, परत जावं. कोणाचं काही जाणार नाही. आणि लगेच मला माझाच तो आवाज ओळखू आला, फडताळातून जुनं कार्ड काढणाऱ्या बाईचा. सून आत गेली. मी म्हटलं, ‘ताई, ते कार्ड आईंनी लिहायला सांगितलं नव्हतं. मी माझ्या मनाने लिहिलं. त्यांच्या नावाने.’

तिचा हात गव्हात होता, तो तिथेच राहिला. पाखरं येऊन गव्हाच्या कडेला टिपायला लागली, तिने हाकलली नाहीत. मग विचारलं, ‘निंबना पाला बी तूच लिखा का?’

‘हो.’

‘कसाले?’

मी म्हटलं, ‘जागा उरली होती.’

तिने मान हलवली, जसं काही हे उत्तर बरोबर होतं, हिशेब जुळत होता. तिने शिवी दिली असती तर बरं झालं असतं. आवाज न चढवता तिने विचारलं, ‘मंग माय काय म्हने?’ आणि मी सांगितलं. रोज सकाळी विचारायच्या, एरंडोलला कोण जातंय. मी खोटं सांगितलं की तूच येत नाही म्हणालीस. खोटं कार्ड दिलं. त्यांनी त्यावर अंगठा फिरवला. पदरात बांधलं. वळकटीत ठेवलं. सांजोऱ्यांचा डबा वरच्या फळीवर. मी काही गाळलं नाही. त्या सांजोऱ्या आम्ही खाल्ल्या, तेही सांगितलं. विहिरीवर मी काय म्हणाले, तेही. सपनाला जे सांगायचं होतं ते हेच होतं, आणि आता ते मला शब्दन् शब्द पाठ झालं होतं. बोलताना मी तिच्याकडे पाहू शकले नाही, तिच्या पायांकडे पाहत होते. टाचा फुटलेल्या होत्या. सासूबाईंच्या अशाच होत्या.

‘मी रडनी नही,’ ती म्हणाली. ‘तेरा दिन. मी म्हनू, तिले मी नको व्हती, मंग कसाले रडू.’

मी डबा पिशवीतून काढून तिच्यापुढे ठेवला. म्हटलं, ‘ताई, आखाजीला चला. मी मूळ म्हणून आलेय.’ ती डब्याकडे बघत राहिली, मग माझ्याकडे. पहिल्यांदा तिच्या तोंडावर काहीतरी हललं. ‘तू मूळ?’ ती म्हणाली. ‘तू मूळ नही, वहिनी. तू ते कार्ड शे.’ आणि डबा हाताच्या उलट्या बाजूने बाजूला सारला, रागाने नाही, गहू सांडू नये इतपत जपून. ‘येनं व्हई ते ईसू. किरणले धाड. मायना नावनं मूळ धाड. आते खरं धाड.’

मी ‘धाडते’ म्हटलं. मग ती पुन्हा गव्हाकडे वळली. चादरीच्या एका टोकाला गव्हात पाला मिसळून झाला होता. तिने त्यात हात घातला आणि एक पान काढलं. मग दुसरं. काडीला धरून, झटकून, ती पानं ती बाजूला अंगणात टाकत गेली. वाळलेली पानं, वजन नाही, वाऱ्याने थोडी पुढे सरकायची. मला वाटलं ती दोन-चार काढून थांबेल. ती थांबली नाही. पुढे वाकून, ओंजळ-ओंजळ गहू चाळत, प्रत्येक पान शोधून काढत होती. तिच्या नाकावरून एक थेंब गव्हात पडला, मग आणखी. तिने तोंड पुसलं नाही, हात मोकळे नव्हते. मी खाली सरकले आणि मदतीला हात पुढे केला. ‘तू हात नको लावू,’ ती म्हणाली.

मी ओट्याला टेकून बसले, रिकामी पिशवी मांडीवर घेऊन. तिच्या सुनेने दारातून बघितलं आणि परत आत गेली. ऊन सरकत माझ्या पायांवर आलं. बाई आपल्या आईसाठी रडत होती, पन्नास वर्षांनी, आवाज न करता, आणि पानं काढत होती. टोपलीच्या बाजूला पाल्याचा ढीग वाढत होता आणि चादरीवरचा गहू नागडा, लखलखीत दिसायला लागला होता. मी ते बघत होते. आणि बघता बघता माझ्या मनात आलं की पोतं-दीड पोतं गहू असेल, आता बिनापाल्याचा भरला तर श्रावणापर्यंत त्यात किडे पडतील, सगळा वाया जाईल, हिला सांगायला हवं.

मी तोंडावर पदर घट्ट दाबून धरला.